खालची पापणी

४ मार्च

यजमानीणबाईंच्या लेंड्यांत आज जंतांची अंडी फार थोडी निघाली. वाटलं, अंडी वर तरंगवणारं मिठाचं पाणी पातळ झालं असेल. नवं केलं, पुन्हा गाळलं, पुन्हा काच भरून सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. तेवढीच.

नेमके आजच कॉलेजचे विद्यार्थी शेड पाहायला आले. त्यांना नेहमीचं सांगितलं. जंत ज्याच्या पोटात राहतात त्या जनावराला आपण यजमान म्हणतो. ही मेंढी आमची यजमानीण. हिच्या पोटातले जंत भोळे आहेत, म्हणजे त्यांच्या कुळानं आजवर कुठल्याच औषधाचा थेंब चाखलेला नाही. बाहेरच्या कळपांतले जंत औषधं पिऊन पिऊन निर्ढावले. त्यांच्यावर एखादं औषध चाललं नाही तर दोष औषधाचा की जंतांचा? तेच औषध भोळ्यांवर घालून पाहायचं. भोळे मेले तर औषध चांगलं, बाहेरचे बेरड झालेत. काचेच्या भांड्यात हे फार दिवस जगत नाहीत. त्यांना पोट लागतं. म्हणून ही मेंढी.

एका मुलीनं विचारलं, "म्हणजे हिला तुम्ही मुद्दाम आजारी ठेवता?"

"थोडी. फार होऊ देत नाही."

ती मेंढीकडे बघत राहिली.

बाबा दारातल्या स्टुलावर बसून ऐकत होते. विद्यार्थी गेल्यावर शेडवरच्या पैलवानाला म्हणाले, "बाई चांगलं शिकवते. कुणाची मुलगी?"

बाबांची थट्टा पहिल्यापासून अशीच. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

७ मार्च

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आणि शेड खाली मागच्या बाजूला. हल्ली चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं. वय झालं म्हणायचं. बर्फ चघळायची सवय लागली आहे. नमुन्यांच्या फ्रीजशेजारच्या साध्या फ्रीजमध्ये ट्रे भरून ठेवते, दुपारपर्यंत रिकामा होतो.

धाकटीचा फोन. म्हणाली, "ताई, बाबांनी मला विचारलं, कोण बोलतंय."

"तुझा घसा बसलाय."

"माझा घसा ठणठणीत आहे. तू त्यांना रोज त्या शेडमध्ये का नेतेस? लेंड्यांच्या वासात बसायचं का त्यांनी या वयात?"

"त्यांचं सगळं आयुष्य त्याच वासात गेलंय."

"इकडे एक चांगली संस्था आहे. बाग आहे, नर्सबाई आहेत."

मी विषय बदलला. आई गेल्यापासून ते माझ्याकडे आहेत. घरी एकटे ठेवले तर कंटाळतात. शेडमध्ये पैलवान आहे. पैलवान हे त्याचं नाव नव्हे. वाऱ्यानं उडेल असा माणूस आहे, म्हणून पैलवान. वीस वर्षं मेंढ्या सांभाळतो.

९ मार्च

एकही अंडं नाही.

मेंढीची खालची पापणी ओढून पाहिली. छान गुलाबी. हे जंत रक्त पितात, त्यामुळे पोटात जंत असले की पापणीची आतली बाजू फिकी पडत जाते. हिची फिकी होती. आता नाही. म्हणजे जंत खरोखरच गेले आहेत.

मेंढीचं शरीर कधीकधी स्वतःच जंत झटकून टाकतं. पुस्तकात आहे. मी आजवर पाहिलं नव्हतं.

प्रमुखबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अळ्या आहेत ना फ्रीजमध्ये?" आहेत. दोन फ्लास्क. हिच्याच लेंड्यांतून वाढवलेल्या, पण जुन्या. पावसाळ्यानंतर नव्या नमुन्यांची तपासणी सुरू करायची आहे, तोपर्यंत भोळे हवेतच. दुसऱ्या कुणाकडे नाहीत. आम्ही चौकशी केली होती.

औषधाच्या कपाटातली बाटली अर्ध्यावर आलेली दिसली. बाकीच्या कळपासाठी असते ती. पैलवान म्हणाला, "सांडली, ताई." इतकी वर्षं याच्या हातून काही सांडलेलं मला आठवत नाही.

१२ मार्च

पहिल्या फ्लास्कातल्या अळ्या नव्या कोकराला पाजल्या. बाबा तेव्हा स्टुलावर डुलकी काढत होते. बाहीवर पांढरा डाग होता. दूध सांडलं असणार. शर्ट भिजत घातला, पण डाग पिठूळ आहे, जाता जात नाही.

या जंतांना आमच्या घरी नातेवाइकांसारखी जागा आहे. मी शाळेत असताना बाबांनी ते आणले. डोंगराच्या पलीकडे खडकाळ कुरणं होती, तिथे गाडी जात नसे, डॉक्टर जात नसे आणि औषधही जात नसे. बाबा गेले. तिथे एक मेंढी मेली, तिचं पोट उघडलं तर लाल-पांढऱ्या पिळाचे जंत, केसांसारखे, गुंता झालेले. बाबा ते बर्फात घालून घेऊन आले. डबा आईचा होता, पिठाचा. आईनं तो डबा पुन्हा घरात घेतला नाही आणि बाबांना पुढची कित्येक वर्षं जेवताना ऐकवलं, "तुमचे पाहुणे माझ्या डब्यातून आले होते."

बाबांनी जंत इथे आणून दिले आणि परत आपल्या गावोगावच्या गुरांच्या डॉक्टरकीला गेले. संशोधन त्यांना कधीच आवडलं नाही. म्हणायचे, "तुम्ही लोक जंत जगवता. मी मारतो. दोघांचं चालू राहू द्या."

२० मार्च

काही नाही. वाट पाहणं. अळ्यांचे जंत व्हायला आणि जंतांनी अंडी घालायला दिवस लागतात, त्यांना घाई करता येत नाही.

बाबांना शर्टाची बटणं लावून दिली. त्यांनी वरच्या घरात खालचं बटण घातलं होतं. पुन्हा लावू लागले तर पुन्हा तसंच. म्हणाले, "शिंप्यानं घरं चुकवली आहेत."

३ एप्रिल

अंडी आली! काच भरून आली. मी एकटीच प्रयोगशाळेत मोठ्यानं हसले. नेमका तेव्हा फोन वाजला, कुणी विमा विकत होता. "यजमान आहेत का घरी?"

"आहेत," मी म्हटलं. "पण आता चारा खातायत."

त्यानं फोन ठेवला. खाली जाऊन पैलवानाला सांगितलं, तो पोट धरून हसला. बाबाही हसले. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली.

"पांढरी," म्हणाले.

"बाबा, मी मेंढी नाही."

"कळपातलीच आहेस."

हे हल्ली फार करतात. दूधवाल्याची पापणी ओढली, शेजारणीची ओढली. आयुष्यभराचा हात आहे, थांबत नाही. मी कुणाकुणाला समजावणार?

१० एप्रिल

पुन्हा एकही नाही.

दोन जनावरांनी लागोपाठ स्वतःहून जंत झटकले, हे पुस्तकात नाही. कुणीतरी औषध पाजतंय.

कपाटाची किल्ली खिळ्याला असते. शेडमध्ये पैलवानाशिवाय कोण असतं? त्याला समोर उभं केलं आणि विचारलं.

तो खाली बघत होता. "चूक झाली म्हणा, ताई."

"झाली म्हणा म्हणजे? तू पाजलंस का?"

"बाटली माझ्या ताब्यात असते. माझीच चूक."

"का केलंस?"

बाबा मधेच म्हणाले, "ओरडू नका हो बाई, जनावरं बिचकतात."

प्रमुखबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, त्याची बदली दुसरीकडे करू. माझा राग तरीही उतरला नाही. घरी येऊन पाच बर्फ खाल्ले.

१४ एप्रिल

आज जिन्यातच पेन विसरल्याचं आठवलं म्हणून अर्ध्यातून परत खाली गेले.

शेडच्या दारात पैलवान माझ्याकडे पाठ करून उभा होता, राखण करावी तसा. आत बाबा. त्यांनी यजमानीणबाईंना दोन गुडघ्यांत धरलं होतं, डावा हात हनुवटीखाली. पापणी ओढली, सोडली. दुसरी ओढली. मग पिचकारी. जनावराचं तोंड वर केलं नाही, सरळ ठेवलं, कारण वर केलं तर औषध फुप्फुसात जातं. तोंडाच्या कोपऱ्यात, जिथे दात नसतात तिथे अंगठा, त्याच्या आडून नळी, जिभेच्या मागे. मेंढीनं एकदा गिळलं, दोनदा गिळलं. बाबांनी तिचा गळा वरून खाली चोळला. कुठेही घाई नाही, हात थरथरला नाही. एक थेंब त्यांच्या बाहीवर पडला, पांढरा.

मी ओरडले नाही. शेवटपर्यंत पाहिलं. मग वर गेले.

दुपारी पैलवानाला म्हटलं, "तुला माहीत होतं."

"मी आधी बाटली लपवली होती, ताई. तर ते सारखे विचारायला लागले. औषध कुठे, औषध कुठे. मग रडले. मोठे डॉक्टर रडले. मी काय करायचं?"

"मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना आणणं बंद केलं असतं."

त्याची माफी मागितली. म्हणाला, "माफी राहू द्या. बदली तेवढी थांबवा. आणि एक रजा हवी होती."

१५ एप्रिल

प्रमुखबाई चांगल्या आहेत. आवाज न चढवता म्हणाल्या, "शेवटचा फ्लास्क राहिलाय. वडील शेडमध्ये यायला नकोत. तुम्हीच ठरवा, मला नियम दाखवायला लावू नका."

धाकटी म्हणाली, "मी काय सांगत होते?"

बाबांनीच आणलेले जंत बाबांनीच संपवले. आईला हे सांगता आलं असतं तर ती हसत सुटली असती.

१७ एप्रिल

त्यांना घरी ठेवलं. शेजारीणबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं. संध्याकाळी परत आले तर बाबा आतल्या खोलीत पलंगावर, शर्ट उलटा, बूट घातलेले.

"कधीचे असेच बसलेत," शेजारीणबाई म्हणाल्या. "म्हणतात, गाडी येणार आहे, गावाला जायचंय, जनावरं वाट बघतायत. मी म्हटलं, काका, जेवून घ्या. तर म्हणाले, आधी जनावरं."

त्या दारातून परत वळल्या. "आणि माझी पापणी बघितली. म्हणाले, तुम्ही ठीक आहात, त्या दुसऱ्या बाईंचं बघा."

जेवले नाहीत.

१९ एप्रिल

आजही जेवले नाहीत. मला ओळखलं, पण धाकटीच्या नावानं हाक मारली. आवाज आमचे सारखे आहेत.

संस्थेचं माहितीपत्रक धाकटीनं पाठवलं आहे. बाग खरंच छान दिसते. कुठेही एक जनावर नाही.

२१ एप्रिल

जिन्यात बसावंच लागलं. शिपायानं पाणी दिलं आणि जबरदस्तीनं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि भुवया उंचावल्या. रक्त तपासलं. फारच कमी निघालं.

"हे एका दिवसात झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "बर्फ खावासा वाटतो?"

"वाटतो."

"घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? कुणी म्हटलं नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही."

गोळ्या दिल्या आहेत. बाबांना काही सांगितलं नाही. उगाच काळजी करतील.

२३ एप्रिल

पैलवानाशी बोलले. कपाटाला नवं कुलूप. बाबांच्या हाताशी जी बाटली असेल तिच्यात तो खडू उगाळून ठेवणार, पाणी आणि खडू. रंग तसाच दिसतो. जनावराला काही होत नाही.

"आणि मोठ्या डॉक्टरांना कळलं तर?"

"त्यांना बटण कळत नाही," मी म्हटलं.

"बटणाचं काय घेऊन बसलात, ताई."

प्रमुखबाईंना खडूचं सांगितलं. त्यांनी उठून खिडकी लावली. मग म्हणाल्या, "मला काही सांगितलं नाहीत असं समजते."

२४ एप्रिल

शेवटचा फ्लास्क कोमट पाण्यात ठेवला, अळ्या जाग्या व्हायला. थेंब काढून पाहिला. निम्म्या निपचित, काडीसारख्या. बाकीच्या वळवळत होत्या, पण सावकाश. पिचकारीत भरलं. नुसत्या डोळ्यांना ते पाणीच दिसतं.

बाबांना घेऊन गेले होते. शेडच्या दारात येताच त्यांनी बूट झटकले, बाह्या दुमडल्या, बरोबर दुमडल्या.

पैलवानानं नवं कोकरू धरलं. मी पिचकारी घेतली तर नळी तोंडाच्या कोपऱ्यात नीट बसेना. अशक्तपणा आहेच, पण नुसता तेवढा नव्हता. शेवटचं घोटभर पाणी. फुप्फुसात गेलं तर कोकरू जाणार आणि भोळ्यांचा वाणही जाणार.

"आणा इकडे," बाबा म्हणाले.

मी हात मागे घेतला नाही. त्यांनी पिचकारी घेतली, उजेडाकडे धरली. पांढरं नव्हतं. थांबले. अनोळखी औषध ते कधीच पाजत नसत, त्यापायी कितीजणांशी भांडले होते.

"कशाचं आहे?"

पैलवानानं माझ्याकडे पाहिलं.

"जंतांचं," मी म्हटलं.

त्यांनी कोकराची पापणी ओढली. "हिची लालभडक आहे की."

"हो."

"मग कशाला?"



"लागणार आहे, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं आणि नाव आठवू नये, तसं. मग वाकले. गुडघ्यांत कोकरू, हनुवटीखाली डावा हात, तोंड सरळ, कोपऱ्यात अंगठा. कोकरानं एकदा गिळलं, दोनदा गिळलं. बाबांनी गळा चोळला. रिकामी पिचकारी मला परत दिली आणि हात पुसायला फडकं मागितलं.

घरी येऊन बाबा पोटभर जेवले.

२५ एप्रिल

खोटं बोलले नाही. ताप उतरवतं ते तापाचं औषध, जंत पाडतं ते जंतांचं. आणि ज्यात जंत आहेत ते पाणीही जंतांचंच. दोन्हींना आपण एकच म्हणतो. मराठी बोलणाऱ्या माणसाला खोटं बोलायची गरज सहसा पडत नाही.

पण ज्या माणसानं आयुष्यभर मारले त्याच्याच हातानं मी ते पेरले. त्याला न सांगता. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे सोयीस्कर आठवण राहणार नाही.

६ मे

बाबा रोज कोकराची पापणी बघतात. मग माझी. गोळ्या चालू आहेत. जिन्याच्या वळणावर आज थांबले नाही. बर्फाचा ट्रे भरलेलाच राहिला.

संध्याकाळी माझी पापणी सोडून म्हणाले, "येतेय." काय येतेय विचारलं तर विसरले होते.

धाकटीला सांगितलं, संस्था नको. ती म्हणाली, "किती दिवस?" मी म्हटलं, माहीत नाही. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात येते. मलाही दाखव तुझी ती शेड."

१७ मे

थोडी अंडी आली. फार थोडी, पण आली. दोनदा मोजली, मग प्रमुखबाईंना बोलावून काच दाखवली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्या कधी ठेवत नाहीत.

सांगायला खाली गेले. बाबा कोकराजवळ बसले होते. पापणी ओढून उजेडात बघत होते, अंगठा जराही हलत नव्हता.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"फिकी पडायला लागली."

पैलवानानं खडूची बाटली हलवून पुढे केली, रोजच्यासारखी. बाबांनी ती हातानं बाजूला सारली.

"नको," म्हणाले. "औषध लागू पडलंय."